स्तनाच्या कर्करोगानंतरची गोळी : त्रास मुकाट सोसू नका, पण गोळीही सोडू नका

ऑपरेशन झाले, केमोथेरपीची सगळी चक्रे पार पडली, शेकही घेऊन झाला. डोक्यावर केस पुन्हा उगवू लागले. घरच्या मंडळींना वाटते, सुटलो एकदाचे! अशा वेळी मोठ्या डॉक्टरांनी शेवटच्या कागदावर एक लहानशी गोळी लिहून दिलेली असते : रोज एक, पाच वर्षे. स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारातला हा दिसायला सर्वांत साधा आणि सर्वांत लांबणारा भाग. मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा पुण्याला उपचार घेऊन आलेली बाई पुढे सर्दी-खोकल्याला, रक्तदाबाला आमच्याकडेच येत राहते आणि या गोळीच्या खऱ्या तक्रारी आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरांच्याच कानावर पडतात. मोठ्या इस्पितळात सहा महिन्यांनी पाच मिनिटे मिळतात. त्या पाच मिनिटांत गाठीविषयी विचारायचे की दुखणाऱ्या बोटांविषयी?

मी कर्करोगतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. आहे. कोणती गोळी द्यायची आणि किती वर्षे, हे ठरवणे माझे काम नव्हे. पण ठरलेली गोळी रुग्णाच्या पोटात रोज जाते आहे की नाही, आणि जात नसेल तर का नाही, हे विचारणे नक्कीच माझे काम आहे. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे पावणेनऊ हजार स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या. ठरलेला पूर्ण काळ नेमाने गोळी घेणाऱ्या त्यातल्या निम्म्याच निघाल्या. आपल्याकडेही चित्र फार वेगळे असेल असे मला वाटत नाही. बाई सोडल्याचे सांगत नाही, एवढेच.

सोडल्याने काय होते, ते आधी सांगतो. ज्या गाठी स्त्रीसंप्रेरकाच्या, म्हणजे हॉर्मोनच्या, आधाराने वाढतात, अशा रुग्णांनी पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यास पुढील पंधरा वर्षांत या रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटते. जगभरच्या अनेक चाचण्यांची एकत्र छाननी करून २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळी बंद झाल्यानंतरही हा फायदा पुष्कळ वर्षे टिकून राहतो. दुसऱ्या बाजूने पाहायचे तर ऑपरेशन आणि केमोचा एवढा खर्च व हाल सोसून झाल्यावर निव्वळ सांधे दुखतात किंवा घाम येतो म्हणून ही गोळी सोडून देणे हा फार महागाचा सौदा आहे. आणि त्रासांपैकी बहुतेकांवर काही ना काही करता येते.

गोळी हॉर्मोनची नव्हे, हॉर्मोनविरुद्धची

पहिली गफलत नावापासूनच होते. ‘हॉर्मोनची गोळी’ असे कानावर पडले की शेजारीण सांगते, अहो, हॉर्मोनच्या गोळ्यांनीच तर कॅन्सर होतो! बाईच्या मनात किडा शिरतो. वस्तुतः या गोळ्या शरीराला हॉर्मोन पुरवीत नाहीत, तर त्याचे काम अडवतात किंवा ते तयारच होऊ देत नाहीत.

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातले मुख्य संप्रेरक. स्तनाच्या पेशींत त्याच्यासाठी जणू एक कुलूप असते. इस्ट्रोजेनची किल्ली त्यात फिरली की पेशी वाढू लागतात. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठींमध्ये ही कुलपे सापडतात. तपासणीच्या कागदावर ई.आर. आणि पी.आर. या अक्षरांपुढे पॉझिटिव्ह लिहिलेले असते ते हेच. निगेटिव्ह असेल तर या गोळीचा उपयोग नसतो. त्यामुळे ‘तिला दिली, मला का नाही?’ अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

ही ओळख जुनी आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली, स्त्रीबीजकोश काढून टाकल्यावर स्तनातील वाढलेला रोग ओसरल्याचे नोंदवले होते. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कोणाला ठाऊक नव्हते. पुढे १९६२ साली इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीत डोरा रिचर्डसन या महिला रसायनशास्त्रज्ञाने टॅमॉक्सिफेन तयार केले. हेतू होता संततिनियमनाच्या गोळीचा! त्या कामी ते साफ फसले. उलट स्त्रीबीज बाहेर पडायला त्याने मदतच होऊ लागली. मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातील चाचणीनंतर १९७१ साली स्तनाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग दिसून आला आणि नापास झालेले औषध असंख्य स्त्रियांच्या कामी आले.

टॅमॉक्सिफेन कुलपात जाऊन बसते, त्यामुळे किल्ली शिरत नाही. पाळी चालू असलेल्या आणि पाळी गेलेल्या, दोघींनाही ते देता येते. दुसरा गट लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन यांचा. पाळी गेल्यावरही शरीरातल्या चरबीत वगैरे थोडे इस्ट्रोजेन तयार होत राहते. या गोळ्या ते होऊ देत नाहीत. मात्र स्त्रीबीजकोश काम करीत असतील तर त्या एकट्याने चालत नाहीत, म्हणून तरुण रुग्णांना त्यांच्या जोडीला स्त्रीबीजकोश शांत ठेवणारे इंजेक्शन द्यावे लागते. याच लेट्रोझोलचा उपयोग मूल होण्याच्या उपचारातही, फक्त पाच दिवस, करतात. एक बाई त्यामुळेच गोळ्यांचे पाकीट तसेच घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मेडिकलमधल्या पोऱ्याने ‘ही तर मूल व्हायची गोळी’ असे सांगितले होते आणि बाईंचे वय होते बासष्ट! त्या बिचाऱ्या घरी कोणाला विचारूही शकल्या नव्हत्या.

आपल्याला या दोन गटांपैकी कोणती गोळी चालू आहे, हे प्रत्येकीने पाठ करून ठेवावे. कारण त्रास वेगळे आणि उपायही वेगळे.

अंगातून निघणाऱ्या वाफा

सर्वाधिक तक्रार हीच. छातीपासून मानेवर, चेहऱ्यावर एकदम आग उसळते, तोंड लालबुंद होते, घामाने पोलका भिजतो, काही मिनिटांत सारे ओसरते आणि मग थंडी वाजते. पाळी जाताना पुष्कळ स्त्रियांना होते तेच, पण इथे जास्त जोरात आणि वेळी-अवेळी. मेंदूत शरीराचे तापमान राखणारे जे केंद्र असते, ते इस्ट्रोजेन कमी पडल्याने हळवे होते. जराशा उष्णतेनेही त्याला वाटते, अंग तापले, घाम काढा. हा ताप नव्हे. थर्मामीटर लावून पाहिले तर पारा जागेवरच असतो. क्रोसिन घेऊन उपयोग नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एक शिक्षिका सांगत, ‘डॉक्टर, फळ्यावर लिहिताना एकदम सुरू होतं. मुलं बघतात. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते.’ रात्री तीन-तीनदा उठून गाऊन बदलावा लागे. दिवसभर डोके जड, चिडचिड. त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते की उन्हाळ्यापुरती गोळी बंद ठेवायची आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू करायची.

अशा वेळी प्रथम साध्या गोष्टी कराव्यात. एका जाड कपड्याऐवजी सुती कपड्यांचे पातळ थर घालावेत, म्हणजे वरचा काढता येतो. नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्या कपाटात ठेवून द्याव्यात. आठ-पंधरा दिवस वहीत लिहून काढावे की वाफ कधी येते आणि त्याआधी काय झाले होते. कोणाला कडक गरम चहानंतर, कोणाला तिखट रश्शानंतर, कोणाला भर दुपारी गॅससमोर उभे राहिल्यावर त्रास वाढतो. सगळ्यांना सगळेच बाधते असे नाही, म्हणून ऐकीव पथ्यांची लांबलचक यादी लावून घेऊ नये. आपली आपण शोधावी. वाफ येतेय असे वाटताच सावकाश, पोटातून, खोल श्वास घेण्याने काहींना बरे वाटते. वजन जास्त असेल तर थोडे उतरवल्यानेही फरक पडतो. पहिले काही महिने जोर असतो, पुढे पुष्कळींचा त्रास आपसूक मंदावतो. टॅमॉक्सिफेन सकाळऐवजी संध्याकाळी किंवा उलट घेऊन पाहायलाही हरकत नाही. वेळ एकदा बदलली की तीच ठेवावी.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. व्हेनलाफॅक्सिन हे मुळात उदासीनतेवरचे औषध, अल्प मात्रेत दिल्यास वाफा कमी करते. रात्रीच्या घामासाठी आणि झोपेसाठी गॅबापेंटिन दिले जाते. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच आणि रक्तदाब, मूत्रपिंड, बाकीची औषधे पाहूनच घ्यायची. एकदम बंदही करायची नाहीत. त्या शिक्षिकांच्या कर्करोगतज्ज्ञांशी मी फोनवर बोललो, रात्रीचे औषध सुरू झाले आणि दीड-दोन महिन्यांत झोप पूर्ववत झाली. वाफा अजून येतात, दिवसातून एक-दोन. त्यांची टॅमॉक्सिफेन एक दिवसही बंद पडली नाही.

इथे एक सावधगिरी. उदासीनतेवरच्या सर्व गोळ्या चालत नाहीत. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन या दोन औषधांमुळे टॅमॉक्सिफेनचे यकृतात जे प्रभावी रूपांतर व्हायला हवे, ते नीट होत नाही. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या डॉक्टरकडेही, जाताना ‘मला टॅमॉक्सिफेन चालू आहे’ हे पहिले वाक्य असावे.

पाळी जाण्याच्या त्रासावर काही ठिकाणी इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात. त्या स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीने घेऊ नयेत. असाच दुसरा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. गौरी-गणपती, नवरात्र, घरचे लग्न आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात. त्या गोळ्याही हॉर्मोनच्याच. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या तरुण बाईची पाळी चालू असेल तर तिने त्या हातातही घेऊ नयेत. सणाला पाळी आली तर आली; देव समजून घेईल, सासूबाईंना मी समजावतो!

बोटे आखडतात, गुडघे कुरकुरतात

लेट्रोझोल गटाच्या गोळ्यांचा मुख्य त्रास सांध्यांचा. सकाळी उठल्यावर बोटे मिटत नाहीत, मनगट आणि गुडघे जखडलेले, जरा हालचाल झाली की सैल होतात. काहींचे एखादे बोट वाकल्यावर अडकून बसते, काहींच्या हाताला रात्री मुंग्या येतात. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत हे सुरू होते. बाईला वाटते रोग हाडात गेला. घरच्यांना वाटते वय झाले. बहुधा दोन्ही खरे नसते. मात्र एकाच ठिकाणी, पाठीच्या एकाच मणक्यात किंवा मांडीच्या हाडात, सतत वाढत जाणारे आणि रात्री झोपू न देणारे दुखणे असेल तर ते गोळीच्या माथी मारू नये, तपासून घ्यावे.

शेतकरी कुटुंबातल्या अठ्ठावन्न वर्षांच्या एक मावशी रक्तदाब तपासायला येत. एकदा सहज विचारले, गोळ्या कुठवर आल्या? त्या गप्प. बरोबर आलेली सून म्हणाली, ‘डबा भरलेलाच आहे, डॉक्टर.’ चार महिने गोळी बंद होती. मावशींचे म्हणणे एवढेच की, ‘भाकरी थापता येईना. तांब्या हातातून सुटायचा. घरात बसून खाणारी झाले मी, मग जगून तरी काय करू?’ त्यांचा हिशेब मला अगदी समजला. बाईचे हात चालत नाहीत तेव्हा घरातली तिची जागाच हलते. ही तक्रार ‘किरकोळ दुष्परिणाम’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी आठवडाभर आखडलेल्या बोटांनी कणीक मळून पाहावी.

मी त्यांना रागावलो नाही. फाईल घेऊन मुलाबरोबर कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवले आणि चार महिने गोळी बंद होती हे लपवू नका, एवढे बजावले. तिथे लेट्रोझोल बदलून एक्झेमेस्टेन देण्यात आले. या तिन्ही गोळ्यांचे काम सारखे असले तरी एक सोसली नाही म्हणजे दुसरीही सोसणार नाही असे नसते. कधी तज्ज्ञ दोन ते चार आठवडे विश्रांती देऊन मग दुसरी सुरू करतात, कधी पुन्हा टॅमॉक्सिफेनवर आणतात. अशी ठरवून दिलेली सुट्टी आणि मनाने घेतलेली सुट्टी यांत फार फरक आहे. पहिलीला शेवटची तारीख असते.

सांध्यांच्या दुखण्यावर सर्वांत उपयोगी ठरलेला उपाय मात्र ऐकून बहुतेकींचा हिरमोड होतो, तो म्हणजे व्यायाम. दुखते म्हणून बसून राहिले की सांधे आणखी धरतात. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अशाच गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या स्त्रियांना आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालणे आणि दोनदा स्नायूंना ताकद देणारे व्यायाम वर्षभर दिले. त्यांचे दुखणे व्यायाम न करणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाले. दीडशे मिनिटे म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. ‘घरात दिवसभर चालतेच की’ हे उत्तर चालणार नाही. स्वयंपाकघर ते अंगण ही चाल मोजत नाहीत. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात हात बुडवून बोटे पन्नासदा मिटावीत-उघडावीत. ज्या बाजूचे ऑपरेशन झाले त्या हातालाही व्यायाम लागतो, पण हळूहळू वाढवत. हात सुजत असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारून.

दुखणे फार असेल तेव्हा पॅरासिटामॉल घ्यावी. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आणून महिनोन् महिने खाणे म्हणजे जठराला आणि मूत्रपिंडांना निमंत्रण. त्याहून वाईट ती ‘सांधेदुखीवरची पुडी’. कशात काय मिसळले आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसते; स्टेरॉइड असले तर चार दिवस बरे वाटते आणि हाडे आणखी ठिसूळ होतात.

हाडांचा विषय निघालाच आहे. टॅमॉक्सिफेन पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हाडांना उलट थोडे राखते. लेट्रोझोल गटाच्या गोळ्यांनी मात्र हाडांची झीज वाढते आणि ती दुखत नाही, म्हणून कळत नाही. न्हाणीघरात पाय घसरल्यावर एकदम मनगट किंवा खुबा मोडतो तेव्हा कळते. या गोळ्या सुरू करताना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी आणि पुढे एक-दोन वर्षांनी पुन्हा. दिवसाला एक हजार ते बाराशे मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असते. आपल्या आजीच्या काळची नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, कढी, दही हे सारे पुन्हा ताटात आणावे. कमी पडेल तेवढीच गोळी घ्यावी. ‘ड’ जीवनसत्त्व आपल्याकडे ऊन भरपूर असूनही बायकांत कमीच आढळते. त्याची साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची. दोन-दोन वर्षे चालू ठेवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, तेही घातक. हाडे जास्तच विरळ असतील तर सहा महिन्यांनी एक झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन देतात. त्याआधी दात तपासून, काढायचे असतील ते काढून घ्यावेत.

दाराआड सांगायच्या तक्रारी

काही त्रास बायका डॉक्टर उठून उभे राहिल्यावर, दाराशी जाताना, हळू आवाजात सांगतात. टॅमॉक्सिफेनने अंगावर पांढरे जाते. ते पाण्यासारखे असेल, खाज किंवा दुर्गंधी नसेल तर घाबरू नये. लेट्रोझोल गटाने याउलट योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. पन्नाशीच्या बाईला हे असावे आणि तिने ते बोलून दाखवावे, दोन्ही आपल्याकडे लाजिरवाणे मानतात. मग घरात अबोला वाढतो. नवऱ्याला वाटते आजारपणाने बायको दुरावली. तिला वाटते ऑपरेशनमुळे आपण आवडेनाशा झालो. आणि मधे असते एक गोळी. पुष्कळदा अर्धा प्रश्न नवऱ्याला आत बोलावून पाच मिनिटे समजावले की सुटतो. उरलेल्यासाठी हॉर्मोन नसलेली ओलावा देणारी जेली मेडिकलमध्ये मिळते. आठवड्यातून दोन-तीनदा नियमित आणि संबंधांच्या वेळी वेगळी. शुद्ध खोबरेल तेलही चालते, मात्र निरोध वापरत असाल तर तेलाने तो फाटतो. इस्ट्रोजेनचे मलम कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये.

टॅमॉक्सिफेनमुळे पाळी अनियमित होते किंवा थांबते, पण पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असे मुळीच नाही. या काळात गर्भ राहिल्यास त्याला इजा होऊ शकते. निरोध किंवा तांबी वापरावी. संततिनियमनाच्या गोळ्या नकोत. मूल हवेच असलेल्या तरुण रुग्णांनी निराश होऊ नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दीड ते अडीच वर्षे गोळी घेतल्यावर गरोदरपणासाठी ती काही काळ थांबवलेल्या स्त्रियांत, सुमारे साडेतीन वर्षांच्या पाठपुराव्यात, रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. अर्थात हा निर्णय तज्ज्ञांनी रोगाचा टप्पा पाहून घ्यायचा असतो.

आता जे उद्यावर टाकायचे नाही ते. पाळी गेल्यानंतर अंगावरून लाल जाणे, मग तो एक डाग का असेना. किंवा पाळी चालू असताना मधेच रक्त जाणे. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयात थोडे इस्ट्रोजेनसारखे वागते. त्यामुळे तिथले अस्तर वाढू शकते आणि क्वचित कर्करोगही होतो. हे प्रमाण वर्षाला हजारांत दोन-तीन इतके, आणि तेही मुख्यतः पन्नाशीच्या पुढे. लवकर दाखवल्यास तो बहुधा पूर्ण बरा होतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही लक्षण नसताना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करीत राहण्याची गरज नसते. टॅमॉक्सिफेनने अस्तर सोनोग्राफीत जाड दिसतेच; तेवढ्यावरून ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. पिशवी काढण्याची घाई आपल्या भागात आधीच फार आहे.

दुसरे, एकच पाय किंवा एकच पोटरी सुजून दुखणे, गरम लागणे. एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे. टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होण्याची शक्यता थोडी वाढते. असे झाल्यास मालिश करीत बसू नये, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. कोणतेही ऑपरेशन ठरले तर आधी गोळीबद्दल सांगावे. वारीची किंवा लांबच्या यात्रेची बस असेल तर दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करावेत, पाणी भरपूर प्यावे. तिसरे, नजर धूसर झाल्यास डोळे तपासून घ्यावेत. टॅमॉक्सिफेनने मोतीबिंदू लवकर येऊ शकतो.

मन खचते, विसरायला होते, वजन वाढते याही तक्रारी आहेत. यातले किती गोळीमुळे, किती केमोमुळे आणि किती त्या वर्षभरात भोगलेल्या भीतीमुळे, हे सांगणे कठीण. ‘आता तर बरी झालीस, मग रडतेस कशाला?’ हे वाक्य घरच्यांनी टाळावे. दोन आठवडे झोप, भूक, उत्साह सारेच गेले असेल तर त्यावर उपचार घ्यावेत.

खाण्याबद्दल फार विचारणा होते. सोयाबीन, सोयावडी, टोफू नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. त्याचे अर्क असलेल्या कॅप्सूल घेऊ नयेत. शतावरी आणि ‘स्त्रियांच्या ताकदीचे’ म्हणून मिळणारे कल्प, काढे यांत इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये असू शकतात. आयुर्वेदाला माझा विरोध नाही, पण जे काही घेता ते बाटलीसकट तज्ज्ञांना दाखवावे.

गोळी रोज ठराविक वेळी घ्यावी. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल असेल तर जेवणाआधी की नंतर याने फरक पडत नाही; एक्झेमेस्टेन मात्र जेवणानंतर घ्यावी. उपवासाच्या दिवशीही घ्यावी, गोळीने उपवास मोडत नाही. एखादे दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. माहेरी जाताना, यात्रेला निघताना आठवडाभराच्या जादा गोळ्या बरोबर ठेवाव्यात. टॅमॉक्सिफेन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून त्याच्या किमतीवर मर्यादा आहे. बाकीच्या गोळ्याही जनऔषधी केंद्रात विचारून पाहाव्यात. पैशांअभावी गोळी बंद पडत असेल तर उपचार झालेल्या रुग्णालयातील समाजसेवा विभागात जाऊन महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. हेही बायका डॉक्टरांना सांगत नाहीत. ‘गोळ्या संपल्या होत्या’ असे म्हणतात, पैसे संपले होते असे म्हणत नाहीत.

पाच वर्षे झाली की गोळी आपोआप बंद करायची, असा समज आहे. काहींच्या बाबतीत ते बरोबर असते. पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत टॅमॉक्सिफेन दहा वर्षे घेणाऱ्यांमध्ये रोग उलटण्याचे आणि त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण पाच वर्षे घेणाऱ्यांपेक्षा आणखी कमी आढळले. गर्भाशयाचा धोकाही त्याबरोबर वाढला. गाठ किती मोठी होती, काखेतल्या गाठींत रोग होता का, पाळी गेली का, यावरून तज्ज्ञ ठरवतात. त्यासाठी गोळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख, कधी बदलली आणि मधे किती दिवस बंद होती, हे फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. पाच वर्षांनी डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात, आणि तोपर्यंत ते कोणालाच आठवत नसते.